तारणाची खात्री : बाळपणी, तरुणपणी आणि उतारवयात



मागच्या महिन्यात आपल्या मराठी उपासनेनंतर चहापाणी चालू होते. गेल्या वर्षी नगरहून एम.एस.साठी इकडे आलेला एक मुलगा हातात चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने हळूच विचारले, "काका, माझं तारण झालंय की नाही, हे मला कसं कळणार?"

त्याचे झाले होते असे. कॉलेजमधल्या बायबल अभ्यासाच्या गटात एका संध्याकाळी प्रत्येकाने आपापली साक्ष दिली. कुणी सांगितले, अमुक साली, अमुक महिन्यात, अमुक शिबिरात माझा नवा जन्म झाला. दुसऱ्याने तर वारसुद्धा सांगितला. आपल्या मुलाची पाळी आली तेव्हा त्याच्याजवळ तारीखच नव्हती! तान्हा असताना बाप्तिस्मा झाला, आजीच्या मांडीवर बसून गीते पाठ झाली, नाताळच्या नाटकात चार वर्षे मेंढपाळ झाला, दहावीच्या सुट्टीत दृढीकरण झाले. "मी विश्वास ठेवत नव्हतो असा दिवसच मला आठवत नाही," तो म्हणाला. "मग माझा नवा जन्म झालाच नाही का?"

त्याला मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. कारण हाच प्रश्न मला काही वर्षांपूर्वी फोनवर विचारला गेला होता, आणि विचारणारी व्यक्ती होती माझी आई. वय एकोणऐंशी. आयुष्यभर मंडळीत गेलेली, महिला मंडळ चालवलेली, आम्हा भावंडांना गुडघे टेकायला शिकवलेली बाई. शेवटच्या आजारपणात ती मला विचारू लागली, "प्रभू मला घेईल ना रे?" मी तिला दोन-तीन वचने वाचून दाखवली आणि म्हणालो, "आई, तू असं काय विचारतेस? तूच आम्हाला शिकवलंस ना!" माझे बोलणे खोटे नव्हते, पण त्याने तिला धीर आला नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच विचारले.

एक बाविशीतला मुलगा आणि एक ऐंशीच्या घरातली आई, दोघांचा प्रश्न शब्दाला शब्द एकच. पण दोघांना एकच उत्तर देऊन चालत नाही. का चालत नाही, आणि पवित्र शास्त्र याविषयी काय सांगते, ते या लेखात पाहू.

तारण वेगळे, तारणाची खात्री वेगळी

पहिली गोष्ट म्हणजे या दोन बाबींची गल्लत करू नये. तारण हे देवाचे काम आहे. खात्री म्हणजे ते काम माझ्यासाठी झाले आहे याची माझ्या मनाला पटलेली ओळख. पहिली गोष्ट देवाकडे असते आणि दुसरी आपल्या मनात. मन म्हटले की ते कधी वर, कधी खाली.

आपण सगळे मुंबईला जाणाऱ्या विमानात कितीदा तरी बसलो आहोत. वाटेत हवामान बिघडते, विमान गदागदा हलू लागते. एक गृहस्थ खुर्चीचा दांडा घट्ट धरून डोळे मिटून बसतात. त्यांच्या शेजारची बाई शांतपणे पुस्तक वाचत असते. मागच्या रांगेत एक तान्हे बाळ झोपलेले असते, त्याला आपण विमानात आहोत हेच ठाऊक नसते. पण मुंबईला तिघेही एकाच वेळी उतरतात. भित्र्या माणसाचे विमान उशिरा पोहोचत नाही. प्रवास मात्र त्याचा फार त्रासाचा होतो, हे खरे.

म्हणून खात्री नाही म्हणजे तारण नाही, असा हिशेब करू नये. तसेच खात्रीची काही गरज नाही, असेही म्हणू नये. योहानाने आपले पहिले पत्र कशासाठी लिहिले हे तो शेवटी (१ योहान ५:१३) स्वतःच सांगतो. विश्वास ठेवणाऱ्यांना आपल्याला सार्वकालिक जीवन मिळाले आहे हे कळावे, एवढ्यासाठी. पत्र आधीच विश्वास ठेवणाऱ्यांना लिहिले आहे, हे ध्यानात घ्या. म्हणजे विश्वास असूनही ही गोष्ट पक्की कळलेली नाही अशी माणसे पहिल्या शतकातही होती!

मंडळ्यांचे म्हणणे

आपल्या मंडळात नगर-पुण्याकडचे प्रॉटेस्टंट आहेत तसे वसईकडचे कॅथलिक बंधुभगिनीही आहेत. म्हणून थोडा इतिहास.

मार्टिन ल्यूथर आणि त्याच्या काळच्या सुधारकांनी खात्रीवर फार भर दिला. १५६३ च्या हायडलबर्ग प्रश्नोत्तरीत खरा विश्वास म्हणजे काय ते सांगताना त्यात मनाचा पक्का भरवसा धरलेलाच आहे. उलट कॅथलिक मंडळीने ट्रेंटच्या परिषदेत १५४७ साली असे ठरवले की, आपल्याला कृपा मिळाली आहे हे कोणीही कधी न चुकणाऱ्या निश्चिततेने जाणू शकत नाही. माणसाने स्वतःवर फाजील भरवसा ठेवू नये, देवाच्या दयेवर आशा ठेवावी. पुढे १६४६ साली इंग्लंडमध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राने आणखी बारकाईने विचार केला. खात्री मिळू शकते, पण खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी बराच काळ थांबावे लागेल, आणि मिळालेली खात्री डळमळूही शकेल, असे त्यात मान्य केले आहे.

हे भांडण साडेचारशे वर्षे चालले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे लुथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यात तारणाच्या खात्रीवर स्वतंत्र परिच्छेद आहे. सोप्या भाषेत त्याचा सारांश असा : आपल्या दुबळेपणाकडे पाहिले तर काळजी वाटणारच, पण ख्रिस्ताच्या अभिवचनाकडे पाहिले तर आपण त्यावर विसंबू शकतो. २००६ साली मेथडिस्ट मंडळ्याही त्यात सामील झाल्या. म्हणजे आज आपल्या दोन्हीकडच्या मंडळींना एकत्र बसून हा विषय बोलता येईल एवढी जागा नक्की आहे.

योहानाच्या तीन पायऱ्या

आता मूळ मुद्दा. १ योहान २:१२-१४ या तीन वचनांत योहान मंडळीतल्या तीन प्रकारच्या लोकांशी बोलतो : मुले, तरुण आणि बाप. येथे वय फक्त शरीराचे नाही. काल विश्वासात आलेला पन्नाशीचा माणूसही येथे मूल आहे. गंमत अशी की योहान या तिघांना एकच आधार देत नाही. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या पायरीचा आधार देतो.

मुलांना तो म्हणतो, तुमच्या पापांची क्षमा झाली आहे आणि तुम्ही पित्याला ओळखता. एवढेच. लहान मुलाला घराची कागदपत्रे कळत नाहीत, आईबाप कळतात. रडले की कुणाकडे धावायचे ते कळते. विश्वासातल्या बाळपणाची खात्री एवढीच असते आणि तेवढी पुरते. ती अनुभवावर उभी नसते, दुसऱ्याने दिलेल्या शब्दावर उभी असते. 'क्षमा केली' असे ज्याने सांगितले त्याच्या शब्दावर.

तरुणांना तो म्हणतो, तुम्ही बळकट आहात, देवाचे वचन तुमच्यात राहते, तुम्ही त्या दुष्टाला जिंकले आहे. म्हणजे तरुणपणाची खात्री झगड्यात सापडते. येथे बरेच जण अडखळतात. त्यांना वाटते, माझ्या मनात अजून वाईट विचार येतात, राग येतो, प्रार्थनेचा कंटाळा येतो, म्हणजे मी मुळात ख्रिस्ताचा नाहीच. पण मेलेला माणूस झगडत नाही! पौलासारखा प्रेषित रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात, करायचे ते होत नाही आणि नको ते हातून होते, म्हणून तळमळतो आणि लगेच आठव्या अध्यायात कुठलीही गोष्ट आपल्याला देवाच्या प्रीतीपासून तोडू शकणार नाही असे ठासून सांगतो. सातवा अध्याय आला म्हणून आठवा रद्द होत नाही.

आणि बापांना, म्हणजे विश्वासात मुरलेल्यांना, योहान काय म्हणतो? जो प्रारंभापासून आहे त्याला तुम्ही ओळखता. दोन्ही वेळा हेच एक वाक्य. विजयाचा, बळाचा उल्लेख नाही. सगळे गळून पडल्यावर जे शिल्लक राहते ते हे, की त्याची आणि माझी ओळख जुनी आहे.

पंडिता रमाबाई : बाप्तिस्मा आधी, खात्री नंतर

ही पुस्तकी विभागणी नाही. आपल्याच मातीतले उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांना कोण ओळखत नाही? पण त्यांच्या विश्वासाचा प्रवास फार थोड्यांना ठाऊक असतो.

आईवडील गेले, भाऊ १८८० साली गेला, पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई १८८३ साली इंग्लंडला पोहोचल्या. तेथे वाँटेज येथील सिस्टर्सजवळ त्या राहिल्या. त्याच सिस्टर्सनी लंडनजवळ फुलहॅमला समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले काम त्यांनी पाहिले. या स्त्रियांवर तुम्ही इतकी माया का करता, असे त्यांनी विचारले तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. अशा बाईशी विहिरीवर बसून बोलणारा हा ख्रिस्तच स्त्रीला वर उचलू शकेल, असे त्यांना वाटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

येथे गोष्ट संपली असे आपल्याला वाटते, पण तशी ती संपली नाही. पुढची काही वर्षे त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. त्रैक्याचा सिद्धान्त, मंडळीचा अधिकार, कोणावर कशासाठी विश्वास ठेवायचा, सगळ्यावर प्रश्न. ती पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. पुढे त्या अमेरिकेला गेल्या, 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहिले, परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले, ते दुसऱ्याच वर्षी पुण्याला हलवले. जगाच्या दृष्टीने कर्तबगारीचा कळस!

आणि या सगळ्या काळात मनाला समाधान नव्हते. हे कोणी विरोधकाने म्हटलेले नाही. १९०७ साली त्यांनी स्वतःची साक्ष लिहिली, तीत त्या हे उघड सांगतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ख्रिस्ती धर्म मला सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. पश्चात्ताप केला, पाप सोडायचा निश्चय केला, बाप्तिस्मा घेतला, म्हणजे झाले असे त्यांना वाटले होते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मकथन आले. हा पाळक स्वतः अनेक वर्षे पाळकाचे काम करत होता आणि १८५१ साली स्वतःच उपदेश करत असताना व्यासपीठावरच त्याचे परिवर्तन झाले! ते वाचून रमाबाई अंतर्मुख झाल्या, बायबल नव्या डोळ्यांनी वाचू लागल्या, आणि तारण ही मिळवायची गोष्ट नसून फुकट घ्यायची देणगी आहे हे त्यांना उमगले.

लक्षात घ्या, रमाबाईंनी वेद-पुराणे कोळून प्यायली होती, बायबलचे ज्ञान होते, सेवाही चालू होती. पण ज्ञान आणि सेवा यांतून खात्री आली नाही. ती आली देणाऱ्यावर विसंबल्यावर. ही झाली बाळाची पायरी. वय तेव्हा तेहतीसच्या आसपास.

मग तरुणपणाची पायरी. १८९३ साली शारदा सदनातील मुलींच्या धर्मप्रभावावरून वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुलींना घेऊन आल्या. एवढ्यांना ठेवायचे कुठे, खायला काय घालायचे? त्यातून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. १९०५ साली तेथे मोठे संजीवन झाले, मुली तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या. खात्री आता घरातल्या घरात राहिली नव्हती, ती रोजच्या धान्याच्या हिशेबात उतरली होती.

आणि तिसरी पायरी? शेवटची बरीच वर्षे रमाबाईंनी बायबलचे साध्या बायकांना कळेल अशा मराठीत भाषांतर करण्यात घालवली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. सारे काम जिच्या हाती सोपवायचे तीच आधी गेली. रमाबाई भाषांतराचे काम करत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. या दिवसांत मोठमोठ्या घोषणा नाहीत, वाद नाहीत. जुनी ओळख आणि हातातले काम, एवढेच.

एकाच घरातल्या दोन चाली

सगळ्यांची चाल सारखी नसते हे पाहायचे तर रेव्हरंड ना. वा. टिळकांचे घर पाहावे. टिळकांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना वेड लावले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. नंतर नवऱ्याजवळ आल्या त्याही आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. हळूहळू त्यांचे मन त्यांनीच बदलले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'मध्ये हा सारा प्रवास त्यांनी हसत-रडत सांगितला आहे.

टिळक घाईचे, भावनेने पेटणारे. लक्ष्मीबाई एकेक पायरी स्वतः चाचपून चढणाऱ्या. टिळकांची तारीख होती, गाडी होती, प्रवासी होता. लक्ष्मीबाईंजवळ होता तो रोजचा स्वयंपाक, पाणी, आणि त्यातून सुटत गेलेली एकेक गाठ. यातला कुणाचा विश्वास खरा? प्रश्नच चुकीचा आहे, नाही का?

वेस्लीने बदललेले मत

आता आपल्या विद्यार्थ्याच्या तारखेच्या प्रश्नाकडे येऊ. तारखेचा आग्रह धरणारे पुष्कळदा जॉन वेस्लीचे नाव घेतात. वेस्ली १७२८ साली पाळक झाला, १७३५ साली अमेरिकेत जॉर्जियाला मिशनरी म्हणून निघाला. वाटेत जहाज वादळात सापडले तेव्हा मोरेव्हियन ख्रिस्ती लोक शांतपणे गीते गात होते आणि हा पाळक मरणाला भीत होता! २४ मे १७३८ रोजी लंडनमधील ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत, ल्यूथरची रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना वाचली जात असताना, त्याच्या मनाला खात्री मिळाली. तारीख पक्की आहे.

पण पुढचे लोक सांगत नाहीत. आधी वेस्लीला वाटे, अशी खात्री ज्याला नाही तो देवाच्या कोपाखालीच आहे. म्हातारपणी त्याने हे मत सोडले. आपण तरुणपणी फार कडक बोललो असे त्याने मान्य केले. आपल्या रोजनिशीच्या नव्या आवृत्तीत जॉर्जियाच्या काळाविषयी त्याने टीप घातली, की तेव्हाही माझ्याजवळ विश्वास होता, पण तो चाकराचा होता, पुत्राचा नव्हता. चाकरही घरातच असतो. पुत्राला मात्र आपण पुत्र आहोत हे माहीत असते. गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल नेमका हाच फरक करतो.

म्हणून त्या मुलाला मी नंतर फोन करून सांगितले, "अरे, तू कोणत्या दिवशी मराठी बोलायला लागलास?" तो हसला. "नाही ना सांगता येत? पण तू मराठी बोलतोस याबद्दल शंका आहे का? तुझ्या मित्रांनी ही भाषा मोठेपणी क्लास लावून शिकली, त्यांना पहिला दिवस आठवतो. तुला घरात मिळाली. आज ती तुझ्या तोंडात आहे का, एवढंच बघ."

खोट्या खात्रीचे काय?

कोणी म्हणेल, हे फार सोपे झाले. घरात मिळाले म्हणून कोणीही निर्धास्त राहील! हा धोका खरा आहे. प्रभू, प्रभू म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाईल असे नाही, असे येशूनेच मत्तय ७ मध्ये बजावले आहे. आडनाव ख्रिस्ती आहे, आजोबा पाळक होते, नाताळला केक वाटतो, ही खात्री नव्हे.

योहान आपल्या पत्रात तीन कसोट्या पुन्हा पुन्हा फिरवून सांगतो. येशू हा देवाचा पुत्र यावर विश्वास आहे का? त्याच्या आज्ञा पाळाव्याशा वाटतात का? आणि भावाबहिणींवर प्रीती आहे का? तिसरी कसोटी सगळ्यांत अवघड. आपल्याच मंडळात कोण कोणाशी बोलत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. मोठे भाऊ गावाकडच्या जमिनीवरून धाकट्याशी दहा वर्षे अबोला धरून असतील आणि तारणाची खात्री का वाटत नाही म्हणून पाळकसाहेबांना विचारत असतील, तर पाळकसाहेबांनी काय सांगावे?

मात्र या कसोट्या निर्धास्त माणसाला जागे करण्यासाठी आहेत, आधीच घाबरलेल्याला आणखी घाबरवण्यासाठी नाहीत. आपले अंतःकरण आपल्याला दोषी ठरवते तेव्हा देव आपल्या अंतःकरणापेक्षा मोठा आहे, हेही योहानानेच त्याच पत्रात (३:२०) लिहिले आहे. जो खरोखर ढोंगी असतो तो सहसा रात्री जागून हा प्रश्न विचारत नाही.

अंधारातले दिवस

आता आईचा प्रश्न. इतकी वर्षे विश्वासात घालवल्यावर शंका यावी, हे आम्हा मुलांना विचित्र वाटले होते. पण शास्त्रात हे नवे नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने स्वतः येशूकडे बोट दाखवले होते. तुरुंगात पडल्यावर त्यानेच निरोप पाठवून विचारले, येणारा तो तूच ना? येशू त्याच्यावर रागावला नाही. उलट लोकांसमोर त्याची थोरवी सांगितली. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, शेवटी उजेडाची ओळसुद्धा नाही. तरी ते स्तोत्रसंहितेत ठेवले आहे.

मदर तेरेसांची खासगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला. जगाला शांतीचा मूर्तिमंत पुतळा वाटणाऱ्या या बाईला जवळजवळ पन्नास वर्षे देवाची जवळीक मनाला जाणवत नव्हती. भावना नव्हती, पण त्या रोज पहाटे उठून प्रार्थना करत आणि गरिबांकडे जात. २०१६ साली त्यांना संतपद मिळाले.

म्हणजे उतारवयातील खात्री ही भावनेची नसू शकते. शरीर थकते, औषधांनी डोके जड होते, आठवण जाते. माझ्या आईला शेवटी वचने आठवत नव्हती, आणि मी तिला वचनेच आठवायला लावत होतो! जे तिच्या हातून निसटत होते तेच तिला घट्ट धरायला सांगत होतो.

माझ्या बहिणीने मात्र वेगळे केले. ती तिथे होती, मी इथे होतो. आईने विचारले की ती वाद घालत नसे. आईचा हात हातात घेऊन म्हणे, "तुला आठवत नसलं तरी चालेल, त्याला तू आठवतेस." बस्स. यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात हेच आहे. आई आपल्या तान्ह्या बाळाला एक वेळ विसरेल, पण देव विसरणार नाही, त्याने आपल्याला तळहातांवर कोरून ठेवले आहे. पौलही गलतीकरांना लिहिताना (४:९) तुम्ही देवाला ओळखता असे म्हणतो आणि लगेच स्वतःला दुरुस्त करतो : म्हणजे देवाने तुम्हाला ओळखले आहे. बापांच्या पायरीवरची ती जुनी ओळख दोन्हीकडून असते. आपल्याकडची बाजू पुसट झाली तरी त्याच्याकडची होत नाही.

आई पुढच्या आठवड्यातही विचारत होती. पण बहीण सांगते, उत्तर ऐकले की हात सोडून झोपी जायची.

आपण काय करावे?

परदेशात हा प्रश्न जास्त टोचतो याची कारणे उघड आहेत. गावी आपल्यासाठी अर्धी खात्री मंडळीच बाळगत असते. घंटा वाजते, शेजारची मावशी हाक मारते, उपासनेला निघायचे ठरवावे लागत नाही. इथे रविवारी चाळीस मैल गाडी हाकायची की झोपायचे, हे दर आठवड्याला ठरवावे लागते. मग एकटेपणी मन विचारू लागते, हे सारे माझे होते की गावाचे? म्हणून काही साध्या सूचना :

१. नवीन विश्वासणाऱ्याने रोज स्वतःची नाडी तपासत बसू नये. एका आठवड्यात योहानाचे पहिले पत्र वाचून काढावे. पाचच अध्याय आहेत.

२. झगडा चालू असेल तर एका विश्वासू माणसाला सांगावे. एकट्याने झगडणाऱ्याला आपला पराभव तेवढा दिसतो, शेजाऱ्याला त्याची वाढही दिसते.

३. प्रभुभोजन चुकवू नये. शंका असताना तर मुळीच नाही. तिथे आपण काही देत नाही, फक्त हात पुढे करून घेतो.

४. आपल्या इथे वाढणाऱ्या मुलांना त्यांच्या अनुभवाची तारीख विचारू नये, आणि आपली तारीख त्यांच्यावर लादूही नये. त्यांचे प्रश्न मात्र ऐकावेत. रमाबाईंचे प्रश्न वर्षानुवर्षे चालले होते.

५. गावी वृद्ध आईवडील असतील तर फोनवर प्रवचन देऊ नये. तेच उत्तर, त्याच शब्दांत, दहा वेळा द्यावे. अकराव्यांदाही द्यावे.

तो विद्यार्थी परवा पुन्हा भेटला. त्या गटात त्याने अखेर साक्ष दिली म्हणे. काय सांगितलेस, असे विचारल्यावर म्हणाला, "आजीच्या मांडीवरचं सांगितलं. आणि सांगितलं की तारीख मला माहीत नाही, देवाला माहीत असेल."

पुढच्या उपासनेला सर्वांनी जरूर यावे. या विषयावर कुणाला आपला अनुभव सांगायचा असेल तर चहाच्या वेळी थोडे थांबावे, सवडीने बोलू.